सामायिक कुरणातली भागूआत्या

रोहिणी, निखिल,

तुम्ही पाठवलेला नव्या घराचा फोटो मिळाला. घर नीटनेटकं दिसतं. पायरीशी कुंडीत एक झुडूप आहे, पिवळ्या-नारिंगी फुलांच्या गुच्छांचं. ते तुम्ही दुकानातून विकत आणलंत असं तुमच्या आईनं लिहिलं आहे. मी फोटो टेबलावर पालथा ठेवला. मग चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. तेच होतं.

इंग्रजीत त्याला लँटाना म्हणतात. आमच्या रत्नागिरीकडे घाणेरी म्हणतात. एक पान चुरगळा आणि हाताचा वास घ्या. घरात मांजरानं एखादा कोपरा नासवला की जो वास येतो, त्यात थोडा कुजका लिंबू मिसळलात तर असाच होईल. तुम्हाला तो कदाचित चालेलही. मला त्या वासाबरोबर भागूआत्या आठवते आणि तिच्यामागून तिचे दोघे भाऊ आठवतात. मग मला जेवण जात नाही.

आमची वाडी आरे-वाऱ्याच्या अलीकडे, सड्याच्या उतारावर होती. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात हिरवं, एरवी तव्यासारखं. माझे वडील तिथल्या शाळेत मास्तर. इंग्रजी शिकण्यासाठी मी रत्नागिरीला मामांकडे राहत होते आणि सुट्टीला वाडीत येत होते, त्यामुळे पुढची हकीकत मी सुट्ट्यांच्या तुकड्यांतच पाहिली. आमच्या अंगणाला लागून दोन घरं होती. वरचं आबाकाकांचं, खालचं नानाकाकांचं. सख्खे भाऊ. दोघांच्या मध्ये जन्मलेली बहीण म्हणजे भागूआत्या.

तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. तो तिकडेच तापानं गेला. सासरच्यांनी तिचे दागिने ठेवून घेतले आणि एक गाय देऊन तिला माहेरी पाठवलं. गाय भाकड आहे अशी त्यांची खात्री होती. ती पुढच्याच वर्षी व्याली. भागूआत्या ही गोष्ट सांगताना कधी हसायची नाही, पण सांगायची मात्र वारंवार. जगात तिच्या मालकीची म्हणावी अशी ती गाय, हरणी, एकच.

माहेरी तिची व्यवस्था दोघा भावांनी ठरवली होती. दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत ती वरच्या घरी जेवायची, पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत खालच्या. त्या दोन दिवशी ती पत्र्याची ट्रंक डोक्यावर घ्यायची, हरणीचं दावं हातात धरायची आणि अंगण ओलांडायची. ट्रंकेतून या घरचं काही त्या घरी जात नाही ना, हे पाहायला दोन्ही भावजया दारात उभ्या असत. आत्या अंगणाच्या मधोमध थांबून ट्रंक खाली ठेवायची, झाकण उघडायची आणि दोघींकडे पाहायची. "या. हुंगून घ्या," म्हणायची.

ती उंच होती, हाडकुळी, आणि तिचा वरचा ओठ एका बाजूला किंचित वळलेला होता. जन्मतः तसा होता की जगाकडे पाहून झाला होता, सांगता येत नाही. तिला किळस फार येई. पण सोवळ्या-ओवळ्याची किळस नव्हे. ती शेणात कोपरापर्यंत हात घाली, गाईची वार उचलून पुरी. तिला किळस यायची ती अर्ध्या कामाची. अर्धवट झाडलेल्या अंगणाला ती 'उष्टं अंगण' म्हणायची. अर्धी रचून सोडलेली गडग्याची भिंत म्हणजे उष्टा गडगा. एकदा नानाकाका दाढी करता करता कोणाशी गप्पा मारायला उठले, तर तिनं त्यांच्या अर्ध्या गालाकडे बोट दाखवून आम्हा पोरांना विचारलं, "हे उष्टं कोणाचं गो?" आणि भावांविषयी तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "गाय घाण करते, ती सारवायला तरी येते. ह्या दोघांची कशाला येते?"

आता कुरणाचं सांगते. घरांच्या मागे उतारावर या दोघांच्या वडिलांनी राखलेलं गवताचं कुरण होतं. म्हातारा होता तोवर दसऱ्यानंतर दोन्ही घरं मिळून गवत कापत आणि गुरांना ते पुढच्या पावसापर्यंत पुरे. म्हातारा वारला. घरं वाटली, आंबे वाटले, भांडी वाटली. कुरणाच्या वाटणीवर मात्र एकमत होईना, म्हणून ते सामायिक राहिलं.

सामायिक म्हणजे दोघांचं, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे त्याचा अर्थ असा की कोणीच हात लावायचा नाही. कारण जो जमीन बेणतो, म्हणजे तिच्यातलं नको ते उपटून ती राखतो, त्याची तिथे वहिवाट ठरते, आणि उद्या कोर्टात गेलं तर वहिवाट दाखवणारा जिंकतो. दोघा भावांना हा कायदा पाठ होता. म्हणून आबाकाका नानांना बेणू देत नव्हते आणि नानाकाका आबांना. कुरणाच्या कडेला कधीतरी पाखरांनी टाकलेल्या बीतून घाणेरीची दोन-चार झुडपं उगवली होती. म्हाताऱ्यानं ती एका सकाळी उपटली असती. या दोघांनी ती वाढताना पाहिली. नुसती पाहिली नाही, एकमेकांपासून राखली.

एका मे महिन्यात मी घरी असताना आबाकाकांनी गड्याला कोयता देऊन कुरणात धाडलं. नानाकाका जेवत होते. ते खरकट्या हातानं धावले आणि पहिल्याच झुडपापुढे जमिनीवर आडवे झाले.

"तोडायचं तर माझ्या अंगावरून!"

"ऊठ, लाज नाय वाटत?" आबाकाका वरून ओरडले. "लोकं बघतायत."

"बघू दे. साक्षीदार होतील."

आत्या गडग्यावर गोवऱ्या थापत होती. तिनं मान वर केली. "झोप मेल्या, तिथंच झोप," ती म्हणाली. "पाऊस पडला की उगवशील. घाणेरीला सोबत होईल."

गडी हसला आणि कोयता खांद्यावर टाकून परत गेला. नानाकाका उठले, अंगाची माती झटकली आणि एखादा गड जिंकून आल्यासारखे राहिलेलं जेवायला गेले.

त्यानंतर चार-पाच पावसाळ्यांत घाणेरीनं कुरण खाल्लं. माणसाच्या उंचीएवढी वाढली, एकमेकींत गुंतली. आत ऊन जाईना, गवत पिवळं पडून मेलं. रानडुकरांनी खाली घरं केली. विषारी फुरशी होती. पलीकडच्या वाडीचं एक कुत्रं आत जाऊन मेलं तर ते काढायला कोणी गेलं नाही. वारा फिरला की दोन्ही घरची माणसं नाकाला पदर आणि उपरणं लावून जेवत. परसाकडला जायला ती आडोशाची जागा सर्वांना सोयीची झाली, आणि तिथे मात्र दोन्ही भावांनी एकमेकांची वहिवाट बिनतक्रार मान्य केली.

गवत राहिलं नाही तेव्हा भावांनी आपापल्या गुरांपुरता पेंढा राखून ठेवला. हरणी ना या घरची ना त्या घरची. उन्हाळा संपत आला आणि तिच्यापुढे काही पडेना. एरवी गुरं घाणेरीला तोंड लावत नाहीत, पण भुकेला किती दिवस शहाणपण राहणार? तिनं ती खाल्ली.

मी सुट्टीसाठी आले तेव्हा हरणी फणसाखाली गडद सावलीत तोंड घालून उभी होती. ऊन अंगावर आलं की थरथरायची. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. नाकावरची कातडी भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी सुटली होती आणि खालच्या लाल मांसावर माशा बसत होत्या. मग त्यात किडे झाले. आत्या करंजाच्या तेलाचा बोळा घेऊन एकेक किडा काढायची. चेहरा तोच, ओठ वळलेला. शेजारी हरणीची कालवड, तांबू, आईचं दूध का येत नाही म्हणून ढुशा देत होती.

दोघे भाऊ आले. एकत्र नव्हे, आधी एक, मग दुसरा. आबाकाका म्हणाले, "ती खालच्या अंगाला चरली गो. नानाच्या बाजूची घाणेरी जास्त जहरी." संध्याकाळी नानाकाका म्हणाले, "वरच्या बाजूलाच गेली असणार. आबा लक्ष देत नाय." कुरणाची वाटणी झाली नव्हती, पण घाणेरीची झाली होती.

हरणी मृगाच्या आधी मेली.

पावसानं जमीन मऊ झाली तशी एका सकाळी आत्यानं लुगड्याचा काचा मारला, वरच्या घरच्या पडवीतली कुदळ उचलली आणि ती कुरणात शिरली. शाळा सुरू व्हायच्या आधीचे माझे ते शेवटचे दिवस. मी आमच्या मागल्या दारी उभी होते. पहिल्या घावाचा आवाज झाला आणि दोन्ही घरांतून दोन भाऊ एकाच वेळी बाहेर आले.

"भागू! कोणी सांगितलं तुला?" आबाकाका.

"कोणाच्या वतीनं बेणतेस ते आधी सांग," नानाकाका.

आत्या वाकलेलीच होती. "माझ्या."

"तुझा काय हक्क?"

"काय नाय," ती म्हणाली. "म्हणूनच बेणते. तुमच्या बापाच्या जमिनीत बाईचा हक्क असेल तर काढा कागद, मी आत्ता कुदळ टाकते. नाय ना? मग माझी वहिवाट कशी लागेल? जा, च्या प्या."

दोघं उभे राहिले. एकमेकांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत ते एकमेकांकडे सरळ पाहताना मी पहिल्यांदाच बघत होते. दोघांनाही चूक सापडेना. मग दोघे आत गेले, आणि मला वाटतं, दोघेही मनात खूश होऊन गेले.

तिचं काम पाहायला माणसं गडग्याशी थांबत. ती झुडूप तोडायची नाही. तोडलेली घाणेरी दुप्पट फुटते. ती बुंध्याभोवती खणायची, मूळ सुटं करायची, सबंध झाड ओढून काढायची आणि गडग्याच्या दगडांवर उलटं टाकायची, मुळं आभाळाकडे. फळं धरली असली तर ती आधी टोपलीत तोडून घ्यायची आणि न्हाणीच्या चुलीत जाळायची, एकही पाखराच्या चोचीत जाऊ नये म्हणून. सगळ्या वाडीवर तो धूर बसायचा. तिच्या हातांवर ओरखडे, त्यांत पू. अंगाला तो वास असा मुरला की आंघोळीनं जाईना. खालच्या घरच्या भावजयीनं तिचं पान मागच्या पडवीत, गोवऱ्यांच्या ढिगाशेजारी मांडायला सुरुवात केली.

"मला नाय चालत वास," भावजय म्हणाली. "ओकारी येते."

"येऊ दे," आत्या म्हणाली. "तुझ्या गाईंना गवत मिळेल तेव्हा कशानं येते बघू."

हे काम एका पावसाळ्याचं नव्हतं. दर वर्षी गणपतीला मी येई तेव्हा कुरणातला हिरवा तुकडा मोठा झालेला असे आणि आत्या थोडी वाकलेली. जिथे उपटलं तिथे पुन्हा कोंब येत. ती परत फिरून ते नखांनी काढी. "उष्टं राहिलं तर पुन्हा वाढतं," म्हणायची. मी एकदा विचारलं, एवढं कोणासाठी? तिनं फणसाखाली बांधलेल्या तांबूकडे मान वळवली. कालवड आता मोठी झाली होती, पण बरगड्या मोजाव्या अशी. वाडीतले लोक थोडंफार टाकत त्यावर जगत होती.

"हिनं एकदा पोटभर खाल्लेलं बघायचंय," ती म्हणाली. "मग मी मेले तरी चालेल, आणि हे दोघं मेले तर अधिक चालेल."

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी कुरण साफ झालं. नवरात्राच्या सुमारास तिथे कमरेएवढं गवत उभं होतं, वाऱ्यावर लवणारं, आणि घाणेरीचं एक पान नव्हतं. आत्यानं तांबूला दाव्यानं धरून गडग्यातल्या खिंडीतून आत नेलं. तांबूनं गवतात तोंड घातलं. आत्या तिच्याजवळ उभी होती आणि तिचा ओठ, मी शपथेवर सांगते, सरळ झाला होता.

तो दिवसही पुरता गेला नाही. दुपारी नानाकाकांनी घोषणा केली की भागू दर पावसाळ्यात त्यांच्या घरी जेवते, तेव्हा त्यांच्या तांदळाच्या जोरावर कुरण बेणलं गेलं, वहिवाट त्यांची. आबाकाकांनी उत्तर दिलं की कुदळ वरच्या घरची होती. तांदूळ मोठा की कुदळ मोठी, यावर दोन माणसं, बायकापोरं असलेली, नातवंडं झालेली, चार दिवस अंगणात गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती. कुजलेल्या कुत्र्याचा वास मी सहन केला होता, पण हे ऐकणं कठीण होतं.

शेवटी गावचे पंच आले, पान खाऊन ओटीवर बसले. त्यांतला एक वडीलधारा आत्याकडे वळला.

"बाय, तूच सांग. कोणाचं खाऊन बेणलंस?"

"शिव्या खाऊन," आत्या म्हणाली. "दोघांच्या."

पंच हसले. माझे वडीलही हसले. भाऊ हसले नाहीत. मग तिला पुढे कोणी काही विचारलं नाही. पंचांनी कुरण मधोमध वाटलं. झऱ्यावर जायला दोन्हींच्या मध्ये एक माणूस जाईल एवढी पाणंद सोडली. भावांनी आपापलं गवत कापून आपापल्या अंगणात त्याच्या उडव्या रचल्या. तांबूला गवत कोणी घालायचं, असं विचारलं तर आबाकाका म्हणाले, भागू पावसाळाभर खाली जेवते, तेव्हा कालवड खालची. नानाकाका म्हणाले, दसरा झाला, आता भागू वर गेली, कालवडही वरची. दोन उडव्यांच्या मध्ये, फणसाला बांधलेली तांबू दोन्हींकडे आळीपाळीनं पाहत उभी होती.

आणि कुंपण? गडगा बांधायला दोघांचाही हात सैल होईना. म्हणून त्यांनी सड्यावरून फांद्या तोडून आणल्या आणि पाणंदीच्या दोन्ही बाजूंना रोवल्या. गुरं तोंड लावणार नाहीत अशाच फांद्या निवडल्या. घाणेरीच्या. ओल्या, रोवताच मुळं धरणाऱ्या. मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत्या किंचाळेल. ती सरळ घरात जाऊन ट्रंक भरू लागली. सावर्ड्याला तिची एक नणंद होती, तिच्याकडे जायचं तिनं ठरवलं होतं. नणंदेनं गाय आणायला हरकत घेतली नव्हती.

मी रत्नागिरीला निघाले ती सकाळ त्याच आठवड्यातली. ऊन नुकतं वर आलं होतं. वडील माझी वळकटी घेऊन पुढे गेले होते. झऱ्यावर पाय धुवावेत म्हणून मी पाणंदीत वळले, तर पुढे आत्या उभी. तिची ट्रंक पाणंदीच्या तोंडाशी होती, तांबूचं दावं ट्रंकेच्या कडीला बांधलेलं. आत्यानं पदराची ओटी केली होती आणि ओटी काळ्या, पिकलेल्या घाणेरीच्या फळांनी भरली होती. सड्यावरून गोळा केली असणार.

ती मूठ भरून उजवीकडे टाकत होती, मग मूठ भरून डावीकडे. पेरणी करतात तसा हात लांबवून, सारख्या अंतरावर, घाई न करता. "ही आबाला," उजवीकडे. "ही नानाला," डावीकडे. कापलेल्या गवताच्या खुंटांत फळं पडल्याचा बारीक आवाज येत होता.

मी थांबले. तिनं मान वळवली.

"काय बघतेस गो? वाटणी करतेय," ती म्हणाली. "पंचांना पुरती जमली नाय."

इतक्या वर्षांचे तिचे हात मला दिसत होते, ओरखड्यांचे पांढरे वण असलेले. तेच हात ते करत होते.

पाणंदीच्या शेवटाला तिनं ओटी झटकली. कापडाच्या घडीत तीन-चार फळं अडकली होती. तिनं ती तळहातावर घेतली, पाहिली.

"उष्टं कशाला ठेवा," म्हणाली. अर्धी या बाजूला टाकली, अर्धी त्या बाजूला.

मग तळहात नाकाशी नेला, ओठ वळला. "शी," म्हणाली आणि झऱ्यावर हात धुवायला माझ्या पुढे गेली.